टोनी ग्विन : एकच आकडा ठेवायचा तर कोणता?

डावखुरा (धागाकर्ता)

१६ जून जवळ आला की टोनी ग्विनची आठवण निघतेच. २०१४ साली याच तारखेला तो गेला, वय अवघे ५४. बेसबॉलमधल्या सॅन डिएगो पाड्रेस संघाकडून १९८२ ते २००१ अशी वीस वर्षे खेळला, मेजर लीगमध्ये (अमेरिकेतली सर्वोच्च बेसबॉल लीग) दुसऱ्या कुठल्या संघाचा शर्ट त्याने अंगावर चढवलाच नाही. त्याच्याबद्दल लिहिताना लोक त्याच्या हसण्याबद्दल लिहितात, स्वभावाबद्दल लिहितात. ते खरेच आहे. पण तो स्वतः आकड्यांचा आणि सरावाचा माणूस होता, म्हणून हा धागा आकड्यांवर चालावा असे वाटते.

संपूर्ण कारकीर्द एका दमात:

सामने २४४०, फलंदाजीच्या खेपा १०२३२, अ‍ॅट बॅट ९२८८, धावा १३८३, हिट (मारून बेस, म्हणजे मैदानातला थांबा, गाठणे) ३१४१, त्यात डबल (एका फटक्यात दोन बेस) ५४३, ट्रिपल (तीन बेस) ८५, होमर (चारही बेस, चेंडू बहुधा कुंपणापार) १३५. आरबीआय (याच्या खेपेमुळे संघाला मिळालेल्या धावा) ११३८. चोरलेले बेस (फटक्याशिवाय पळून गाठलेले) ३१९. वॉक (चार खराब चेंडूंवर फुकट मिळालेला पहिला बेस) ७९०. स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक, म्हणजे हुकलेले किंवा सोडलेले चांगले चेंडू, होऊन बाद) ४३४. सरासरी ०.३३८, ऑन बेस (बेसवर पोचण्याचे प्रमाण) ०.३८८, स्लगिंग (फटक्यांनी मिळालेल्या बेसचे अ‍ॅट बॅटशी प्रमाण) ०.४५९.

नॅशनल लीगचे (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक) सरासरीचे विजेतेपद आठ वेळा : १९८४, ८७, ८८, ८९ आणि मग १९९४ ते ९७ सलग चार. नॅशनल लीगमध्ये आठ विजेतेपदे फक्त होनस वॅगनरकडे होती, त्याची बरोबरी ग्विनने केली.

प्रश्न असा : एवढ्यातला एकच आकडा ठेवायचा झाला, तर कोणता ठेवाल? आणि का?

माझे उत्तर ४३४. वीस वर्षांत १०२३२ खेपा आणि त्यात फक्त ४३४ वेळा स्ट्राइकआउट. सरासरी २३-२४ खेपांमागे एक. १९९५ साली ५३५ अ‍ॅट बॅटमध्ये १५. पूर्ण मोसमात १५! सगळ्यात खराब वर्ष १९८८, तेव्हा ४०. आज मेजर लीगमध्ये दर शंभर खेपांत बावीसच्या आसपास स्ट्राइकआउट होतात, याचे चारच्या जरा वर. हिटमध्ये नशिबाचा वाटा असतो, क्षेत्ररक्षकाचा असतो, मैदानाचा असतो. चेंडूला बॅट लागणे मात्र निव्वळ त्याचे.

गल्लीक्रिकेट

धागा आवडला. एक अडाणी प्रश्न. खेपा १०२३२ आणि अ‍ॅट बॅट ९२८८, हे दोन वेगळे कसे? आणि ०.३३८ म्हणजे नक्की काय? आपल्याला सरासरी म्हटले की ५० च्या पुढे बघायची सवय.

आकडेमोड्या

अडाणी अजिबात नाही, इथेच बहुतेकांची गाडी अडते.

क्रिकेटची सरासरी म्हणजे एकूण धावा भागिले किती वेळा बाद. बेसबॉलची सरासरी म्हणजे हिट भागिले अ‍ॅट बॅट. म्हणजे शंभर संधींत किती वेळा मारून बेस गाठला. लिहिताना शून्य पूर्णांक आणि पुढे तीन घरे, बोलताना नुसते 'तीनशे अडतीस'.

अ‍ॅट बॅट काढायला एकूण खेपांतून चार गोष्टी वजा करायच्या. ग्विनच्याच आकड्यांवर बघा:

एकूण खेपा १०२३२
वजा वॉक ७९०
वजा चेंडू अंगावर लागून मिळालेला बेस २४
वजा सॅक्रिफाइस बंट (स्वतः बाद होऊन सोबत्याला पुढे सरकवणारा हलका टोला) ४५
वजा सॅक्रिफाइस फ्लाय (झेल जाऊनही धाव मिळवून देणारा उंच फटका) ८५
उरले ९२८८.

आता ३१४१ भागिले ९२८८, उत्तर ०.३३८१.

ऑन बेसचा हिशोब वेगळा. वर हिट, वॉक आणि अंगावर लागलेले, म्हणजे ३१४१ + ७९० + २४ = ३९५५. खाली अ‍ॅट बॅटमध्ये वॉक, अंगावर लागलेले आणि सॅक्रिफाइस फ्लाय मिळवायचे : १०१८७. उत्तर ०.३८८. खालच्या बेरजेत बंट घेत नाहीत, फ्लाय घेतात. घरी हिशोब करणाऱ्याचे उत्तर थोडे चुकते ते नव्वद टक्के वेळा इथेच. फ्लाय विसरतात किंवा बंट घालून बसतात.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे दरवर्षीच्या सरासऱ्यांची सरासरी काढणे. १९८२ ला ०.२८९, १९८४ ला ०.३५१, मधोमध ०.३२०, असे नाही होत. १९८२ ला अ‍ॅट बॅट होते १९०, १९८४ ला ६०६. हिटची बेरीज ५५ + २१३ = २६८, अ‍ॅट बॅटची ७९६. खरी सरासरी ०.३३७. वर्षांना वजन नसते, अ‍ॅट बॅटना असते.

गल्लीक्रिकेट

छान समजले, आभार. म्हणजे तीन संधींतल्या दोन वाया घालवूनही माणूस थोर ठरतो?

आकडेमोड्या

हो. आणि तीही मर्यादा किती उंच आहे बघा. २०२४ साली मेजर लीगची एकूण सरासरी होती ०.२४३. टेड विल्यम्स १९६० मध्ये ०.३४४ वर निवृत्त झाला. त्याच्यानंतर पूर्ण कारकीर्द खेळलेल्या कुणाचीही सरासरी ग्विनच्या ०.३३८ पर्यंत पोचलेली नाही.

पूर्वकिनारा

ग्विनबद्दल आदर पूर्ण आहे, तरी विरोधी मत नोंदवतो. सरासरी हा आकडा वॉकला शून्य किंमत देतो आणि सिंगलला (एका बेसची हिट) होमरइतकीच. ग्विनच्या ३१४१ हिटपैकी २३७८ सिंगल. म्हणून त्याचे स्लगिंग ०.४५९, चांगले पण डोळे दिपवणारे नाही.

याच्याशेजारी टिम रेन्सला ठेवा. त्याच काळातला, त्याच लीगमध्ये गाजलेला. हिट २६०५, वॉक १३३०, अंगावर लागलेले ४२. बेरीज ३९७७. ग्विनची बेरीज आकडेमोड्यांनी वर काढलीच आहे : ३९५५. म्हणजे बेसवर पोचण्यात रेन्स बावीसने पुढे. ऑन बेस ०.३८५, जवळपास तेवढेच. आणि चोरलेले बेस ८०८. आता मतदान बघा. ग्विन २००७ मध्ये पहिल्याच फेरीत ५४५ पैकी ५३२ मतांनी हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, गेला. रेन्सला दहाव्या, म्हणजे शेवटच्या संधीपर्यंत, २०१७ पर्यंत थांबावे लागले. ३००० हिटचा गोल आकडा एकाकडे होता, दुसऱ्याकडे नव्हता. फरक बराचसा एवढाच.

त्यामुळे माझा ठेवायचा आकडा ३९५५.

सँडिएगोकर

पूर्वकिनारा, रेन्सवर अन्याय झाला हे शंभर टक्के मान्य. पण '३९७७ विरुद्ध ३९५५' ही तुलना एका गोष्टीवर पांघरूण घालते. वॉक आणि सिंगल बेसवर पोचण्यापुरते सारखे, पुढे धावणाऱ्यासाठी सारखे नाहीत. दुसऱ्या बेसवर आपला माणूस उभा आहे. वॉक मिळाला तर तो जागचा हलत नाही, पहिला बेस रिकामा होता तो भरतो इतकेच. सिंगल बसली तर बहुतेक वेळा तो घरी येतो. पहिल्यावरचा माणूस वॉकवर दुसऱ्यावर जातो, उजव्या बाजूच्या सिंगलवर कैकदा तिसऱ्यावर.

ग्विनच्या ७९० वॉकपैकी २०३ मुद्दाम दिलेले होते. समोरचा मॅनेजर अशा वेळी स्वतःहून बेस देऊन टाकतो, कारण तो काय मारणार याची धास्ती असते. वॉक कमी दिसतात त्याचे कारणही तेच, खेप तिसऱ्या-चौथ्या चेंडूवरच मिटून जायची.

पूर्वकिनारा

मुद्दा बरोबर. सिंगलची किंमत वॉकपेक्षा जास्त, यावर वाद नाही. पण ३१९ विरुद्ध ८०८ बेस तुम्ही सोडून दिलेत. एकूण पारडे मला अजून समसमान वाटते, आणि मतदारांना ते तसे वाटायला हवे होते एवढेच म्हणणे.

सँडिएगोकर

मान्य. फक्त ग्विन पळायचा नाही असा समज त्याच्या शेवटच्या वर्षांतल्या फोटोंवरून होतो, म्हणून सांगतो : १९८७ ला त्याने ५६ बेस चोरले होते. सरासरी ०.३७०, हिट २१८, तेही त्याच वर्षी. उजव्या मैदानातल्या क्षेत्ररक्षणासाठी पाच गोल्ड ग्लोव्ह आहेत ते वेगळेच.

लांबउडी

१९९४ चा विषय अजून कसा निघाला नाही?

०.३९४. हिट १६५, अ‍ॅट बॅट ४१९, सामने ११०. ११ ऑगस्टला ह्यूस्टनविरुद्ध पाचात तीन हिट मारून सरासरी ०.३९१ वरून ०.३९४ वर नेली आणि १२ ऑगस्टपासून खेळाडूंचा संप सुरू झाला. मोसम तिथेच संपला, वर्ल्ड सिरीजसुद्धा (मोसमाची अंतिम मालिका) झाली नाही. तेवढ्याच ४१९ अ‍ॅट बॅटमध्ये आणखी तीन हिट असते तर १६८, म्हणजे ०.४०१. दोन असते तर १६७, म्हणजे ०.३९९.

१९४१ साली विल्यम्सने ०.४०६ केले (४५६ मध्ये १८५), त्यानंतर ०.४०० ला कुणी शिवलेले नाही. १९४१ ला सॅक्रिफाइस फ्लायसुद्धा अ‍ॅट बॅटमध्ये धरत, आजच्या नियमाने विल्यम्सची सरासरी आणखी वर गेली असती. हे सांगितले की ०.४०० किती दूर आहे ते कळते. ग्विन त्यापासून तीन हिटवर होता आणि मैदानच बंद झाले.

माझा आकडा १६५.

गल्लीक्रिकेट

हे तर आपल्या ब्रॅडमनसारखे झाले की! ७० वेळा बाद, ६९९६ धावा, आणखी चार असत्या तर बरोबर शंभर. तिथे चार, इथे तीन.

लांबउडी

अगदी तीच हुरहूर. फरक एक आहे. ब्रॅडमनला शेवटचा डाव मिळाला आणि तो शून्यावर गेला. ग्विनला उरलेले दीड महिने मिळालेच नाहीत. त्या दीड महिन्यांत सरासरी खालीही आली असती, ही बाजू विसरून चालणार नाही. पाड्रेसचे ४५ सामने बाकी होते. तेवढ्यांत सुमारे १७० अ‍ॅट बॅट धरले तर ०.४०० साठी साधारण ७१ हिट लागले असते, म्हणजे उरलेला काळ ०.४१८ ने खेळावा लागला असता. तीन हिट म्हटले की सोपे वाटते, ०.४१८ म्हटले की अवघड. दोन्ही खरे आहे.

आकडेमोड्या

लांबउडी, हिशोब तपासला, बरोबर आहे. ५८९ चे चाळीस टक्के २३५.६, म्हणून २३६. वजा १६५ केले की ७१.

त्या एका वर्षात अडकू नये म्हणून पाच वर्षे एकत्र मांडतो. १९९३ ते ९७ : हिट १७५, १६५, १९७, १५९, २२०, बेरीज ९१६. अ‍ॅट बॅट ४८९, ४१९, ५३५, ४५१, ५९२, बेरीज २४८६. सरासरी ०.३६८. वयाच्या ३३ ते ३७ या काळात! बहुतेकांचा आलेख इथे उतरणीला लागलेला असतो.

नियमावली

त्या पाचांतल्या १९९६ बद्दल एक तांत्रिक गोष्ट, फार थोड्यांना ठाऊक असते.

विजेतेपदासाठी किमान खेपा लागतात. संघाच्या प्रत्येक सामन्यामागे ३.१, म्हणजे १६२ सामन्यांना ५०२. टाचेच्या दुखण्यामुळे ग्विन ११६ सामनेच खेळला आणि त्याच्या खेपा भरल्या ४९८. चार कमी. वरवर पाहता तो बाद.

पण नियमात एक सोय आहे. जेवढ्या खेपा कमी पडतात, तेवढे हिट नसलेले अ‍ॅट बॅट त्याच्या खात्यात घालायचे आणि सरासरी पुन्हा काढायची. तरीही तो पहिला येत असेल तर विजेतेपद त्याचे. ४५१ मध्ये ४ मिळवा, ४५५. हिट १५९ च. सरासरी ०.३५३ वरून ०.३४९ वर आली. दुसऱ्या क्रमांकावर कोलोराडोचा एलिस बर्क्स, ०.३४४. ग्विन तरीही पुढे. अधिकृत नोंदीत मात्र त्याची सरासरी ०.३५३ च राहते, ते चार फक्त पडताळणीपुरते.

डावखुरा

वा, नियमावली. हे इतके सुटसुटीत मांडलेले कुठे वाचले नव्हते. १९८९ चा शेवटचा दिवसही लिहा ना.

नियमावली

लिहितो. शेवटची मालिका पाड्रेस आणि सॅन फ्रान्सिस्को जायंट्स यांची, आणि विजेतेपदाचे दोन दावेदार समोरासमोर : ग्विन आणि विल क्लार्क. शेवटच्या सामन्याआधी क्लार्क ५८४ मध्ये १९५, म्हणजे ०.३३३९. ग्विन ६०० मध्ये २००, म्हणजे ०.३३३३. चौथ्या घरापर्यंत जावे लागते! त्या दिवशी क्लार्कला चारात एक, ग्विनला चारात तीन. शेवट ०.३३६ विरुद्ध ०.३३३.

आदल्या वर्षी, १९८८ ला, त्याने ०.३१३ वर विजेतेपद घेतले होते. नॅशनल लीगमध्ये तोवर इतक्या कमी सरासरीवर कुणी जिंकलेले नव्हते. म्हणजे आठ विजेतेपदांत ०.३१३ पण आहे आणि ०.३९४ पण.

शॉर्टस्टॉप

आकडे आले, पण ते निघाले कुठून ते राहिलेच. उत्तर आहे ५.५.

धावफलक भरताना क्षेत्ररक्षकांना क्रमांक असतात. पिचर (चेंडू टाकणारा) १, कॅचर (बॅटरमागे उभा) २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा बेस ५, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला) ६, मग बाहेर डावीकडून ७, ८, ९. तिसरा बेसमन आणि शॉर्टस्टॉप यांच्यामधली फट म्हणजे 'साडेपाच'. ग्विनने हा आकडा बुटाच्या जिभेवर लिहून घेतला होता.

डावखुऱ्या बॅटरचा सहज फटका उजव्या मैदानाकडे जातो. डावीकडच्या फटीतून चेंडू काढायचा तर तो उशिरा मारावा लागतो. बाहेरच्या कडेवरचा चेंडू प्लेटच्या (बॅटरजवळची जमिनीतली पाटी) पुढे गाठायचा नाही, जवळजवळ प्लेटवर येऊ द्यायचा. हात आतून चेंडूकडे न्यायचे, बॅटचे टोक मनगटांच्या मागे राहू द्यायचे. पुढचा खांदा लवकर उघडला की खेळ संपला, तोच चेंडू दुसऱ्या बेसमनकडे लोळत जातो. उशिरा मारण्याचा दुसरा फायदा म्हणजे चेंडू वळतोय की सरळ येतोय हे ओळखायला तेवढाच जास्त वेळ. स्ट्राइकआउट कमी असण्याचे मूळ इथे आहे.

बॅटही त्याला साजेशी. लांबी ३३ इंचांच्या आसपास, वजन ३१ औंसांच्या आसपास, मोठ्या लीगच्या मानाने लहानखोर. लहान बॅट उशिरा निघूनही वेळेवर पोचते. तोटा म्हणजे मागे वजन कमी, म्हणून चेंडू कुंपणापलीकडे कमी जातो. पूर्वकिनारा यांनी काढलेल्या स्लगिंगच्या तक्रारीचे निम्मे उत्तर या लाकडात आहे.

लांबउडी

आणि उरलेले निम्मे विल्यम्सने दिले. टेड मूळचा सॅन डिएगोचाच. १९९२ ची ऑल स्टार लढत (दोन्ही लीगच्या निवडक खेळाडूंची) तिथे झाली तेव्हा दोघांची गाठ पडली. टेडचा आग्रह असा, की आतला चेंडू डावीकडे ढकलत बसू नको, तो ओढून उजवीकडे मार. पिचर आत टाकायला घाबरला की बाहेरचे चेंडू आपोआप मिळतात. ग्विनला ते पचनी पडायला काही वर्षे गेली. पण १९९७ बघा : ५९२ मध्ये २२० हिट, डबल ४९, होमर १७, आरबीआय ११९, सरासरी ०.३७२, स्लगिंग ०.५४७. होमर आणि आरबीआय दोन्ही कारकिर्दीतले सर्वाधिक, वयाच्या ३७ व्या वर्षी.

१९९९ ला फेनवे पार्कमध्ये ऑल स्टार लढतीआधी म्हातारा टेड पहिला चेंडू टाकायला आला, तेव्हा त्याला हाताने सावरून उभा होता तो ग्विन.

टेपरेकॉर्डर

व्हिडिओशिवाय हा धागा अपुरा राहील. १९८३ मध्ये मनगटाच्या दुखापतीनंतर फटके बसेनात, तेव्हा त्याने बायकोला घरच्या व्हीसीआरवर सामने टेप करायला सांगितले. त्यात आपली चूक स्वतः शोधली. पुढे दौऱ्यावर व्हीसीआर बरोबर नेऊ लागला. आपल्या खेपा वेगळ्या काढून, चांगल्या खेपांची आणि हिटची वेगळी टेप करून ठेवायचा. त्या काळी संघांकडे व्हिडिओ कक्ष नव्हते, याला लोक 'कॅप्टन व्हिडिओ' म्हणत. आज हरेक डगआउटमध्ये टॅबलेट असतो.

यात एक बारकावा आहे. चुकलेल्या खेपाच बघत बसले की चूक अंगवळणी पडते, हे त्याला कळले होते. म्हणून हिटची टेप.

चौथाचेंडू

पिचर ग्रेग मॅडक्सविरुद्ध १०७ खेपा. स्ट्राइकआउट शून्य. सरासरी ०.४१५.

पेद्रो मार्टिनेझलाही त्याला एकदाही स्ट्राइकआउट करता आले नाही.

आणि कारकिर्दीत एका सामन्यात तीन स्ट्राइकआउट झाले ते एकदाच, १९८६ ला डॉजर्सच्या बॉब वेल्चसमोर. डावखुरा, तुमच्या ४३४ ला माझे मत.

आकडेमोड्या

चौथाचेंडू यांना जोड : एका सामन्यात चार हिट त्याने ४५ वेळा मारल्या. एका सामन्यात दोन किंवा जास्त स्ट्राइकआउट झाले फक्त ३४ वेळा. आणि दोन स्ट्राइक पडलेल्या असतानाची त्याची नोंदलेली सरासरी ०.३०२. तिथे भलेभले ०.२०० च्या आसपास असतात.

मावळतीचे ऊन

हा माणूस तंबाखूने गेला, तेही लिहायला हवे. अमेरिकेतला 'डिप' म्हणजे आपल्याकडे गालात धरतात तो तंबाखूचा बारच. मायनर लीगमध्ये (मेजरच्या खालची पायरी) असल्यापासूनची सवय. २०१० ला कानाखालच्या लाळग्रंथीचा कॅन्सर निघाला, चार वर्षांत संपले. महाराष्ट्रात २०१२ ला गुटख्यावर बंदी आली, तरी मिश्री आणि बार घराघरांत आहेतच. ५४ हा आकडासुद्धा विसरू नये.

दवाखाना

भावनेशी सहमत, एक दुरुस्ती. बिनधुराच्या तंबाखूने तोंडाचा, अन्ननलिकेचा आणि स्वादुपिंडाचा कॅन्सर होतो हे पक्के सिद्ध आहे. लाळग्रंथीच्या कॅन्सरशी त्याचा संबंध तितका सिद्ध झालेला नाही. आपला आजार तंबाखूनेच झाला असे ग्विन स्वतः ठामपणे सांगत असे, बार धरायची बाजू आणि गाठीची बाजू एकच होती म्हणून. त्याचे म्हणणे त्याचे म्हणून लिहावे. बार सोडायला तोंडाचा कॅन्सर हे कारण एकटेच पुरेसे आहे.

मावळतीचे ऊन

दुरुस्ती मान्य. त्याच्या जाण्याने नियम मात्र हलले हे नक्की. २०१६ च्या अखेरच्या करारात मेजर लीगमध्ये नव्याने येणाऱ्या खेळाडूंना मैदानावर हा तंबाखू बंद झाला.

सँडिएगोकर

२०१६ लाच सॅन डिएगोतल्या ऑल स्टार लढतीच्या वेळी नॅशनल लीगच्या सरासरी विजेत्याच्या पुरस्काराला ग्विनचे नाव दिले. अमेरिकन लीगच्या पुरस्काराला रॉड कर्‍यूचे. लुईस अरायझने २०२४ ला ०.३१४ वर तो पाड्रेसच्याच शर्टात जिंकला.

पंचनामा

३००० वी हिट कशी विसरलात सगळे? ६ ऑगस्ट १९९९, माँट्रियाल, पिचर डॅन स्मिथ, फटका अर्थात सिंगल. पहिल्या बेसवर पंच होता कर्विन डॅन्ली, कॉलेजच्या संघात ग्विनचा सोबती. पंचाने पुढे होऊन त्याला मिठी मारली. त्या दिवशी ग्विनच्या आईचा वाढदिवस होता आणि ती मैदानात हजर होती. आदल्या दिवशी मार्क मग्वायरचा ५०० वा होमर, दुसऱ्या दिवशी वेड बॉग्जची ३००० वी हिट. तीन दिवस असे पुन्हा यायचे नाहीत.

आकडेमोड्या

मूळ प्रश्नाला माझे उत्तर राहिले होते. ११८२.

समजा २००१ नंतर ग्विन खेळतच राहिला आणि त्याला एकही हिट मिळाली नाही. ०.३०० वर यायला किती वेळा अपयशी व्हावे लागेल? ३१४१ भागिले ०.३, उत्तर बरोबर १०४७०, अपूर्णांकसुद्धा उरत नाही. वजा ९२८८, राहिले ११८२. रोज खेळणाऱ्या बॅटरची दोन पूर्ण वर्षे शून्य हिटने काढली, तरी तो तीनशेचा बॅटर राहतो.

पूर्वकिनारा

आकडेमोड्या, ११८२ ने मला हलवले. मी ३९५५ सोडतो आणि १९ घेतो. १९८३ ते २००१ सलग १९ मोसम ०.३०० च्या वर, आणि पाठीवरचा क्रमांकही १९. पाड्रेसने २००४ ला तो क्रमांक कायमचा काढून ठेवला.

नियमावली

१९ वर एक छोटा आक्षेप. २००० ला अ‍ॅट बॅट १२७ आणि २००१ ला १०२. दोन्ही वर्षी सरासरी ०.३२३-०.३२४ आहे, पण खेपा विजेतेपदाच्या किमान मर्यादेच्या आसपासही नाहीत. ही दोन वर्षे वगळली तर १७.

पूर्वकिनारा

मग ते १७ तुम्ही ठेवा. गुडघे गेलेला ४१ वर्षांचा माणूस बहुतेक वेळा बदली म्हणून एका खेपेपुरता उतरतो आणि १०२ मध्ये ३३ हिट काढतो. तशी थंड अंगाने येऊन मारलेली हिट जास्त अवघड. माझे १९ च.

डावखुरा

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. ४३४ वरून मी हटत नाही, पण पूर्वकिनारा यांच्या १९ मुळे एक वर्ष पुन्हा उघडून बघितले, ते विसावे, म्हणजे खरे तर पहिले. १९८२. सामने ५४, १९० मध्ये ५५ हिट, ०.२८९. कारकिर्दीतला तीनशेच्या खालचा एकुलता एक मोसम. ऑगस्टअखेर झेल घ्यायला सूर मारताना मनगट मोडले आणि तीन आठवडे गेले. १९० च्या ०.३०० ला हिट लागतात बरोबर ५७.

दोन कमी पडल्या. पहिल्या वर्षी दोन, १९९४ ला तीन.

सँडिएगोकर

आणि त्या ५५ पैकी पहिली १९ जुलै १९८२ ची, फिलाडेल्फियाच्या सिड माँगेच्या चेंडूवर डबल. मुलगा टोनी ग्विन ज्युनियर मेजर लीगमध्ये आला, त्याची पहिली हिट १९ जुलै २००६ ची. तीही डबल.